भीमा-नीरेमधला मुलूख आणि सार्वभौमत्वाचे दावे

भीमा आणि नीरा या नद्यांमधला सुपे, बारामती, इंदापूर हा पट्टा निजामशाहीच्या अमलाखाली होता. १६३६ मध्ये मुघल व आदिलशाहीने ते राज्य वाटून घेतले. शहाजीराजे विजापूरच्या चाकरीत गेले आणि या पट्ट्यातली त्यांची जहागीर चालू राहिली. जहागीरदाराला महसुलाचा हक्क मिळे. सार्वभौम सत्ता मात्र सुलतानाचीच राही.

१६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथला कारभार पाहणाऱ्या संभाजी मोहित्यांकडून सुपे घेतले. महाराजांच्या लेखी हा स्वराज्याचा विस्तार होता, तर विजापूरच्या लेखी बंडखोरी. १६६० मध्ये शायिस्तेखानाची फौज याच भागातून पुण्याकडे गेली आणि मुघलांचा तिसरा दावा उभा राहिला. १६६५ च्या पुरंदर तहात २३ किल्ले मुघलांना द्यावे लागले. उरलेल्या १२ किल्ल्यांसाठी बादशहाशी निष्ठा मान्य करावी लागली.

१६७४ च्या राज्याभिषेकाने महाराजांनी छत्र धारण करून आणि स्वतंत्र शक व स्वतःची नाणी सुरू करून सार्वभौमत्व जाहीर केले. दिल्लीची मान्यता मात्र शाहू महाराजांच्या काळात, १७१९ मध्ये आली. स्वराज्याच्या त्या सनदेत पुणे, सुपे, बारामती व इंदापूर यांचा समावेश होता. प्रत्यक्ष ताबा, जाहीर दावा आणि इतरांची मान्यता या तिन्ही गोष्टी जुळल्या, तेव्हाच या मुलखाचे स्वामित्व कागदोपत्री निर्विवाद झाले.