लाउडस्पीकरची पत्रिका

कला शाखेच्या विद्यार्थ्याने लाउडस्पीकरवर लेख लिहावा हे काहींना विचित्र वाटेल. पण माझे वडील मंडप आणि लाउडस्पीकर भाड्याने देतात. आमच्या घरात पुस्तकांच्या आधी वायरी आल्या, तेव्हा जे ठाऊक आहे त्यावरच लिहितो.

अमर बोस हे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. कलकत्त्याहून अमेरिकेत गेलेल्या एका बंगाली स्वातंत्र्यसैनिकाचा हा मुलगा पुढे एम. आय. टी.मध्ये प्राध्यापक झाला. सभागृहात आपल्या कानी येणारा बराचसा आवाज भिंतींवरून परतून आलेला असतो, हे त्यांनी हेरले. त्यांच्या कंपनीने १९६८ साली ‘९०१’ हा स्पीकर काढला. एका पेटीत साडेचार इंची नऊ स्पीकर. त्यांतला एकच श्रोत्यांकडे तोंड करून, बाकीचे आठ भिंतीकडे! आत वूफर नाही, ट्विटर नाही. इतक्या लहान पडद्यांतून खर्ज आणि तार हे दोन्ही आपोआप उतरतात. ते उचलून धरण्यासाठी जोडीला एक वेगळा डबा असतो, तो इक्वलायझर. तो नसेल तर ‘९०१’ म्हणजे अर्धेच वाद्य.

आमच्या गावच्या एका निवृत्त काकांकडे त्यांच्या दिवंगत भावाची अशी जोडी अमेरिकेहून आली. डबा मात्र वाटेत कुठे हरवला. घोंगडीआडून गावे तसा आवाज. ऐकणारा प्रत्येक जण म्हणे, “स्पीकर गेले.” भंगारवाल्याने वजनावर भावसुद्धा सांगितला. काकांचा जीव त्या पेट्यांत अडकलेला. वडिलांना इंग्रजी वाचता येत नाही, त्यांनी मला पेटीवरची पाटी वाचायला लावले. तीवर होते ‘सीरीज थ्री’.

इथेच पत्रिका जुळवण्याचा प्रश्न येतो. पहिल्या दोन मालिकांच्या पेट्या हवाबंद होत्या. १९७६ साली आलेल्या तिसऱ्या मालिकेपासून पेटीला हवेची तोंडे आली. बंद पेटीतली हवा स्प्रिंगसारखी पडद्याला आवरून धरते, म्हणून तिच्या इक्वलायझरने अगदी खालचा खर्ज भरपूर उचलला तरी निभते. तोंडाच्या पेटीत एका मर्यादेखाली हा आवर सुटतो. तिथे जुना डबा जोडला तर पडदा नुसता फडफडतो, आणि कॉइल जायला वेळ लागत नाही. शिवाय दहा डेसिबलने आवाज उचलायचा तर अॅम्प्लिफायरला दहापट शक्ती द्यावी लागते. म्हणजे चूक झाली तर तीही दहापटीने होते.

मुंबईच्या एका दलालाने काकांना पहिल्या मालिकेचा डबा देऊ केला होता. “मॉडेल तेच आहे, चालेल,” म्हणाला. वडिलांनी साफ नको म्हटले. त्याऐवजी त्यांनी आपला दहा पट्ट्यांचा ग्राफिक इक्वलायझर लावला, तोही आवाज अगदी बारीक ठेवून. त्याच्या पट्ट्या ढोबळ, कंपनीच्या वळणाची अचूक नक्कल त्यांना जमायची नाही. पण अठराही स्पीकर जिवंत आहेत एवढे कळले. या मालिकेच्या पडद्यांची कड फोमची असते आणि ती वर्षांनी कुजते. म्हणून डब्यावर पैसा घालण्याआधी ती बोटाने हलकेच चाचपून पाहावी.

जोडणीचीही अडचण असते. हा डबा प्री-अॅम्प्लिफायर आणि पॉवर अॅम्प्लिफायर यांच्यामध्ये बसतो, किंवा ‘टेप मॉनिटर’च्या भोकांत. आजच्या बहुतेक अॅम्प्लिफायरांना ती भोके नसतात. मग गाणे एकाच यंत्रावरून वाजणार असेल तर डबा त्या यंत्राच्या आणि अॅम्प्लिफायरच्या मध्ये घालावा.

काकांच्या पुतण्याने तिकडून तिसऱ्या मालिकेचाच डबा शोधून धाडला आहे. तो १२० व्होल्टचा. आपल्या २३०वर थेट लावला तर धूरच निघेल. वडील स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणायला गेले आहेत. तोवर मी आतले जुने कपॅसिटर मोजून, बदलायचे कोणते त्याची यादी करतो आहे.