रुग्णाचे मन, कुटुंबाचे मन आणि परिचर्या

रुग्णशुश्रूषा म्हटली की औषध, इंजेक्शन, पथ्य आणि स्वच्छता एवढ्याच गोष्टी सामान्यतः डोळ्यांसमोर येतात. त्या आवश्यक आहेत, यात शंका नाही. परंतु खाटेवर पडलेल्या मनुष्याच्या मनात आजाराखेरीज पुष्कळ काही चाललेले असते. घरभाडे कोण भरील, बुडालेल्या मजुरीचे काय, मुलीची शाळा सुटेल काय, आपण घरच्यांना ओझे तर झालो नाही ना, हे प्रश्न त्याला रात्री झोपू देत नाहीत. त्याच्या उशाशी बसलेली पत्नी किंवा आई हेच प्रश्न मनात घेऊन बसलेली असते. मात्र दोघेही एकमेकांशी त्याविषयी बोलत नाहीत. परिचर्याशास्त्र या अंगाला रुग्णाचे व कुटुंबाचे मनोसामाजिक स्वास्थ्य म्हणते. या विषयाचा धम्मसाहित्याने केलेला विचार आणि आधुनिक परिचर्येचा अनुभव एकत्र ठेवून पाहावा, असा आमचा प्रयत्न आहे.

संयुत्तनिकायातील सल्लसुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. शरीराला होणारी वेदना हा पहिला बाण. त्या वेदनेपाठोपाठ येणारा शोक, भय आणि तळमळ हा दुसरा. या दृष्टान्ताचा अर्थ रुग्णाने निमूटपणे सोसावे असा कोणी घेऊ नये. पहिल्या बाणावर औषधोपचार झालाच पाहिजे. दुखणे शमविल्याविना धीराच्या गोष्टी सांगणे ही क्रूरता होय. परंतु दुसरा बाणही खरा आहे. भीतीमुळे झोप उडते, स्नायू ताणले जातात, लक्ष सतत दुखऱ्या भागाकडे राहते आणि तेच दुखणे अधिक तीव्र भासू लागते. म्हणून मनाची काळजी घेणे हा उपचाराचाच भाग ठरतो.

ही काळजी कशी घ्यावी, याचे उत्तम उदाहरण अंगुत्तरनिकायात नकुलपिता आणि नकुलमाता या गृहस्थ दाम्पत्याच्या कथेत सापडते. भग्ग देशातील सुंसुमारगिरी येथे नकुलपिता अत्यवस्थ झाला होता. चिंताग्रस्त मनाने मृत्यूला सामोरे जाऊ नये, असे नकुलमातेने त्याला सांगितले. आपल्यामागे मुलांचे कसे होईल ही चिंता त्याला असेल, तर आपल्याला सूत कातता येते, लोकर विंचरता येते, आपण संसार चालवू, असे आश्वासन तिने दिले. आपण दुसरा घरोबा करणार नाही, तथागतांच्या व संघाच्या दर्शनात खंड पडू देणार नाही, आपले शील ढळणार नाही, मन शांत राहील आणि धम्माविषयी शंका उरणार नाही, असेही तिने एकेक करून सांगितले. पुढे नकुलपिता बरा झाला, तेव्हा अशी हितैषी उपदेशिका लाभल्याबद्दल तथागतांनी त्याला भाग्यवान म्हटले.

या कथेतील एक गोष्ट वाचकांनी विशेष लक्षात घ्यावी. सगळे ठीक होईल, अशी मोघम समजूत नकुलमातेने घातली नाही. पतीच्या मनात कोणत्या चिंता असतील हे तिने ओळखले, त्यांना नावे दिली आणि प्रत्येकीला स्वतंत्र उत्तर दिले. रुग्णाला धीर देण्याची हीच खरी रीत आहे, असे आम्हांस वाटते.

विनयपिटकातील महावग्गात अतिसाराने आजारी पडलेल्या भिक्खूचा प्रसंग येतो. तो स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला तथागतांना दिसला. कोणता आजार आहे, शुश्रूषा करणारे कोणी आहे काय, आणि भिक्खू तुझी काळजी का घेत नाहीत, असे तथागतांनी विचारले. पहिला प्रश्न शरीराचा आहे, पुढील दोन त्याच्या एकाकीपणाचे आहेत. आपण इतरांच्या काही उपयोगी पडत नाही म्हणून ते आपल्याकडे पाहत नाहीत, असे त्याने उत्तर दिले. आपण निरुपयोगी झालो ही भावना दीर्घकाळ आजारी असलेल्या असंख्य माणसांना आजही पोखरत असते. तथागतांनी आनंदासह त्याला आपल्या हातांनी धुतले, उचलून खाटेवर निजविले आणि नंतर संघाला एकत्र बोलावून रुग्णसेवेचा नियम घालून दिला. कोणाला दया येईल तर सेवा होईल, अशा स्थितीत त्यांनी रुग्णाला ठेवले नाही. ज्याला कोणी नाही त्याची जबाबदारी संपूर्ण संघाची ठरली.

त्याच ठिकाणी चांगल्या गिलानुपट्ठाकाचे, म्हणजे रुग्णसेवकाचे, पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध सिद्ध करता यावे. पथ्य व कुपथ्य कळावे. त्याने लाभासाठी सेवा न करता मैत्रीभावाने करावी. मलमूत्र, थुंकी, वांती यांची किळस मानू नये. आणि वेळोवेळी धम्मकथेने रुग्णाचे मन प्रसन्न करावे. यांतील चौथा गुण आपल्या देशात फार मोलाचा आहे. मलमूत्राचा स्पर्श हीन मानणाऱ्या जातिव्यवस्थेने परिचर्येच्या व्यवसायाला दीर्घकाळ कमी लेखले आणि रुग्णालयातील सफाईचे काम विशिष्ट जातींच्या माथी मारले. किळस रुग्णाला तत्काळ जाणवते. चादर बदलणाऱ्याच्या चेहऱ्यावरील एक आठी त्याला लाजेने खचविण्यास पुरेशी असते.

आधुनिक काळात हाच विचार वेगळ्या वाटेने पुढे आला. सिसिली सॉन्डर्स या प्रथम परिचारिका, नंतर वैद्यकीय समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. असाध्य रुग्णांची वेदना शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशी एकत्र गुंफलेली असते, हे त्यांनी ‘संपूर्ण वेदना’ या कल्पनेतून मांडले आणि १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली परिहारक सेवेची जी व्याख्या केली, तिच्यात रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबालाही स्थान दिले. आपल्या देशात १९९३ साली केरळातील कोझिकोडे येथे या सेवेची संस्था उभी राहिली. पुढे तेथे वस्तीवस्तीतील सामान्य नागरिक प्रशिक्षण घेऊन परिचारिकांसह घरोघरी रुग्णांकडे जाऊ लागले. २००८ साली केरळ सरकारने त्यासाठी स्वतंत्र धोरण स्वीकारले.

महाराष्ट्रातील कुटुंबांची स्थिती आपण जाणतोच. परळच्या टाटा रुग्णालयात दूरच्या खेड्यांतून रुग्ण येतात, तेव्हा सोबतच्या नातेवाइकाची मजुरी बुडते आणि राहण्याचा प्रश्न उभा राहतो. दादर येथील गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशांना आधार देत आली आहे. निवाऱ्याचा हा आधारदेखील परिचर्येचेच एक अंग आहे. दुसरा प्रश्न मौनाचा आहे. रुग्णाला काही सांगू नका, असे नातेवाईक डॉक्टरांना विनवितात. हेतू प्रेमाचा असतो. पण रुग्णाला संशय येतोच, आणि मग तो एकटाच घाबरत राहतो. त्याला किती जाणून घ्यावयाचे आहे हे प्रथम त्यालाच विचारावे आणि तेवढे सत्य मृदू शब्दांत सांगावे. रुग्णाचेही कर्तव्य आहेच. आजार वाढला की उतरला हे सेवकाला जसेच्या तसे सांगणे, हा चांगल्या रुग्णाचा गुण महावग्गात नोंदविला आहे.

सेवा करणारी व्यक्ती बहुधा घरातील स्त्री असते. तिची झोप, तिची कंबर, तिचे मन यांची विचारपूस क्वचितच होते. येथे आमच्या विहारांना करण्यासारखे पुष्कळ आहे. रविवारच्या वंदनेनंतर वस्तीतील दीर्घकाळ आजारी असलेल्यांची यादी करावी. प्रत्येक घरी आठवड्यातून दोन तास कोणीतरी बसावे, म्हणजे सेवा करणारीला झोप घेता येईल. भेटीस जाताना फळांबरोबर दोन प्रश्न न्यावेत : तुम्हांला सर्वांत जास्त चिंता कशाची वाटते, आणि तुमच्या सोबतीला कोण आहे? मिळालेल्या उत्तराप्रमाणे शाळेची फी, शासकीय योजनेचा अर्ज किंवा रुग्णालयात जाण्यास सोबत यांची व्यवस्था करावी. परिचारिका म्हणून काम करणाऱ्या उपासिकांनी घरच्या सेवेकऱ्यांना कूस बदलण्याची, शय्याव्रण टाळण्याची व तोंडाची निगा राखण्याची पद्धत शिकवावी. ज्याला कोणी नाही त्याची जबाबदारी संघाची, हा नियम उपासकांच्या वस्तीतही लागू व्हावा, असे आमचे आवाहन आहे.