'सून' म्हणजे आत्ता की मग?

मागच्या आठवड्यात आमच्या सातवीतल्या लेकीने विचारले, "अब्बू, 'सून' म्हणजे नक्की किती वेळ?" (घरात येणाऱ्या सुनेचा इथे संबंध नाही, हा इंग्रजी शब्द आहे.) तिच्या सायकलचे पंक्चर 'सून' काढून आणतो, असे आम्ही तिला रमजानच्या आधी सांगितले होते. आता बकरी ईद जवळ आली आहे.

उत्तर शोधायला बसलो आणि शरमलो. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द 'सोना' असा होता आणि त्याचा अर्थ होता ताबडतोब. मग तो 'थोड्या वेळाने' कसा झाला? माणसे 'ताबडतोब येतो' म्हणत राहिली आणि उशिरा येत राहिली. ऐकणाऱ्यांनी शब्दाचा नवा अर्थ अनुभवातून लावून घेतला.

एकदा झाले तर चूक म्हणू, पण इंग्रजीत हे पुन्हा पुन्हा झाले. 'प्रेझेंटली'चा अर्थ पूर्वी 'याच क्षणी' असा होता, तो पुढे 'जरा वेळाने' झाला. 'अनॉन' हाही मुळात 'लगेच'च. शेक्सपियरच्या 'चौथा हेन्री' नाटकाच्या पहिल्या भागात एक नोकर पोऱ्या आहे. आतून हाक आली की तो 'अनॉन, अनॉन' ओरडतो आणि जागचा हलत नाही! आमच्या घरातले "आलो, आलो" आणखी काय असते?

'इमिजिएटली' मात्र अजून टिकून आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'मध्ये काहीही नाही' असा. आपल्या 'लगेच'मध्येही लगतचा, चिकटून असण्याचाच भाव आहे.

खरेपणाच्या शब्दांचीही तीच गत. 'व्हेरी' हा जुन्या फ्रेंचमधून आला, अर्थ होता 'खरा'. आता तो नुसता 'फार' उरला आहे. अरबीतून आपल्याकडे आलेला 'जरूर' म्हणजे मुळात गरजेचे, टाळता न येणारे. दावतीला "जरूर येऊ" म्हणणाऱ्यांपैकी किती जण येतात, हे स्वयंपाक करणाऱ्या बायकांना विचारावे.

हे सगळे लेकीला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे मी आता 'सून'चा अर्थ चार महिने असा लिहू?"

सायकल त्याच संध्याकाळी दुकानात नेली. इतके दिवस पडून राहिल्याने ट्यूबही बदलावी लागली.