अल्पदृष्टि मूल : लपवावें कीं नोंदवावें ?

धृतराष्ट्र ज्येष्ठ असूनही केवळ जन्मांध म्हणून राज्याला मुकला, ही कथा आमच्या घरोघरच्या मुलांस ठाऊक असते. परंतु ती नुसती कथा नव्हती. तो आमच्या धर्मशास्त्राचा व्यवहार होता. जन्मांधास वडिलार्जित संपत्तींत वांटा नाहीं, त्याला केवळ अन्नवस्त्र द्यावें, असें मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत सांगितलें आहे, आणि इंग्रजी अमदानींतील न्यायालयेंही हा निर्बंध मानीत. तो १९२८ सालच्या कायद्यानें उठला. म्हणजे कित्येक शतकें, मुलाचें आंधळेपण चारचौघांत मान्य होणें याचा अर्थ त्याचा हक्क जाणें असा होता. असें व्यंग झांकून ठेवण्याची आमच्या कुटुंबांची संवय कोठून आली असावी, हें यावरून कांहीं अंशीं कळतें.

आज कायद्याचा रोख नेमका उलट आहे. आतां मान्यतेनें हक्क जात नाहीं. मान्यता नसेल तर तो मिळत नाहीं. १९९५ च्या कायद्यांत व्यंगांचे सात प्रकार होते. त्याच्या जागीं आलेला २०१६ चा दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अमलांत असून त्यांत एकवीस प्रकार आहेत. दृष्टीसंबंधीं त्यांत दोन नांवें आहेत : अंधत्व आणि अल्पदृष्टि. यांपैकीं दुसरें आमच्या वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवावें. योग्य चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टि ६/१८ हून कमी, परंतु ३/६० पर्यंत राहिली, तर ती अल्पदृष्टि. निरोगी डोळ्याला जें अक्षर साठ मीटरांवरून वाचतां येतें, त्यासाठीं ज्या मुलाला सहा मीटरांपर्यंत यावें लागतें, त्याची दृष्टि ६/६० समजावी. उलट, चष्म्यानें ज्याला स्वच्छ दिसतें तो मुलगा, भिंगें कितीही जाड असोत, दिव्यांग नव्हे.

सर्वांत अधिक कुचंबणा होते ती या अल्पदृष्टि मुलाची. तो घरांत धडपडत नाहीं, माणसें आवाजावरून ओळखतो, म्हणून कोणास शंका येत नाहीं. परंतु तो पुस्तक नाकाशीं धरतो, फळ्यावरचें शेजाऱ्याच्या वहींतून उतरून घेतो, तिन्हीसांजेस अंगणांत पाऊल टाकण्यास कचरतो. शाळेंत त्याला आळशी म्हणतात, घरांत वेंधळा म्हणतात. आणि दोन्हीकडून तेंच ऐकूं आल्यावर तो स्वतःलाही तसेंच समजूं लागतो. डोळ्यांच्या उणेपणाहून हें नुकसान मोठें.

अशा मुलाला प्रथम नेत्रवैद्याकडे न्यावें, आणि तेंही विलंब न लावतां. जन्मजात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पहिल्या कांहीं आठवड्यांत झाली तरच पुरता गुण येतो. तान्ह्या मुलाच्या बुबुळांत पांढुरकी झांक दिसली तर त्याच दिवशीं दाखवावें. चौतीस आठवड्यांपूर्वीं जन्मलेल्या किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या बालकाचा दृष्टिपटल तीस दिवसांच्या आंत तपासून घ्यावा. एक डोळा आळशी झाला असेल तर चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधण्याचा उपाय सात-आठ वर्षांच्या आंत उत्तम लागू पडतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ सालीं आपल्याच राज्यांत पालघर येथें झाला. त्याअन्वयें वैद्यकीय पथकें अंगणवाड्या व सरकारी शाळा तपासतात. त्यांनीं दिलेली चिठ्ठी कपाटांत ठेवून देऊं नये.

उपचारानंतरही दृष्टि अधू राहिली तर नोंदणी करावी. स्वावलंबन या शासकीय संकेतस्थळावर अर्ज करावा. आपल्या वाशीम जिल्ह्यांतील पालकांसाठीं तपासणीचें स्थान वाशीमचें जिल्हा रुग्णालय. व्यंग चाळीस टक्के किंवा अधिक ठरल्यास सहा ते अठरा वर्षांपर्यंत शेजारच्या किंवा विशेष शाळेंत, स्वतःच्या पसंतीनें, विनामूल्य शिक्षणाचा हक्क मिळतो. पुस्तकें व साधनें, परीक्षेंत लेखनिक आणि तासामागें वीस मिनिटें अधिक, उच्च शिक्षणांत पांच टक्के जागा, आणि पुढें सरकारी नोकऱ्यांत अंध व अल्पदृष्टि मिळून एक टक्का जागा, हें सर्व त्या एका दाखल्यावर अवलंबून आहे. ज्याची दृष्टि हळूहळू मावळत जाणार असें वैद्य सांगतात, त्याला ब्रेल लिपि आधींच शिकवावी. १९५१ पासून भारतीय भाषांसाठीं एकच ब्रेल लिपि ठरली असून सहा टिंबांच्या त्या योजनेंत मराठी व संस्कृत दोन्ही लिहितां येतात.

यावर वडीलधारीं मंडळी हळूच म्हणतील, "कागदोपत्रीं आलें तर घरांतील मुलींची लग्नें कशीं जमावीं ?" ही भीति खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं, सोयरीक जुळवितांना लोक असें विचारतात. परंतु कागद न केल्यानें डोळे सुधारत नाहींत, आणि लपविलेली गोष्ट लग्नानंतर उघडकीस आली म्हणजे दोन घरें दुखावतात. शिवाय दृष्टिपटलाचे कांहीं आनुवंशिक रोग जवळच्या नात्यांतील विवाहांत अधिक आढळतात. देशस्थांच्या घरांत मामेबहिणीशीं विवाह संमत मानला गेला आहे. तेथें तर नेत्ररोगाची माहिती झांकणें म्हणजे पुढील पिढीचा घात करणें होय. एका मुलाच्या भविष्यानें दुसऱ्याच्या लग्नाचें मोल द्यावें, हा न्याय कोणत्याही आईला मानवणार नाहीं.

अंध मूल काय करणार, असें विचारणाऱ्यांस वऱ्हाडांतच उत्तर आहे. अमरावती जिल्ह्यांतील माधानचे श्रीगुलाबराव महाराज १८८१ सालीं जन्मले आणि तान्हेपणींच त्यांची दृष्टि गेली. इतरांकडून ग्रंथ वाचून घेऊन त्यांनीं शास्त्राध्ययन केलें व १९१५ सालीं देह ठेवीपर्यंत विपुल ग्रंथरचना केली. लोक त्यांस प्रज्ञाचक्षु म्हणत. आपल्या वाशीम तालुक्यांतील केकतउमरा येथील 'चेतन सेवांकुर' या दृष्टिहीन कलावंतांच्या वाद्यवृंदाचें गायन आमच्या वाचकांपैकीं अनेकांनीं ऐकलें असेल. अलौकिक बुद्धि प्रत्येक मुलास नसते. परंतु वाचून दाखविणारा कोणी तरी प्रत्येकास मिळूं शकतो, आणि येथें एकत्र कुटुंबासारखें साधन नाहीं. आजोबांनीं रोज अर्धा तास धडा वाचावा, आजीनें पाढे व स्तोत्रें तोंडीं घोकून घ्यावीं, काकांनीं रुग्णालयाच्या खेपा घालाव्या, भावंडांनीं वस्तू जागच्या जागीं ठेवाव्या. मात्र त्याच्या वांट्याचें काम कोणीं करून टाकूं नये. पाणी त्यानें स्वतः भरावें, ताट स्वतः उचलावें.

जुन्या शास्त्रानें अशा मुलास अन्नवस्त्र दिलें, वांटा दिला नाहीं. नव्या कायद्यानें वांटा देऊं केला आहे. परंतु तो मुलाच्या वतीनें मागण्याचें काम घरांतील मोठ्यांनींच करावयाचें आहे.