पथकाचा क्रमांक आणि विमानांचा तळ

आषाढीच्या वारीत जे चालले आहेत त्यांना ठाऊक असेलच, की माउलींच्या सोहळ्यात दिंडीला क्रमांक असतो. रथापुढे अमुक, रथामागे तमुक. वारकरी पिढीगणिक बदलतात, विणेकरी बदलतो, क्रमांक राहतो. सासवड, जेजुरी, वाल्हे इथले पालखीतळ मात्र जागच्या जागी असतात. दिंडी येते नि पुढे जाते.

हवाई दलाचेही असेच असते. पथक, ज्याला स्क्वाड्रन म्हणतात, ती झाली दिंडी. साधारण 16 ते 18 विमाने, त्यांचे वैमानिक, कारागीर, भटारखाना. हुकूम आला, की बिऱ्हाड उचलायचे. तळ मात्र हलत नाही. धावपट्टी, तेलाच्या टाक्या, दारूगोळ्याची कोठारे कुठे उचलून नेणार? वर्तमानपत्र वाचताना पुष्कळांची या दोहोंत गल्लत होते. शाळेत मुलांना सांगताना गुरुजींनी एवढे जरूर सांभाळावे.

आपले पहिलेच पथक घेऊ. हवाई दलाचा कायदा 8 ऑक्टोबर 1932 रोजी झाला, आणि 1 एप्रिल 1933 रोजी कराचीजवळच्या ड्रिग रोड तळावर क्रमांक 1 पथकाची पहिली तुकडी उभी राहिली. विमाने किती? 4. तीही वापिती जातीची, दुमजली पंखांची, पंखांवर कापड ताणलेले. वैमानिकाचे डोके उघड्यावर. 6 हिंदी अधिकारी आणि 19 हवाई शिपाई, एवढाच संसार. त्या शिपायांत हरजिंदर सिंग होते. इंजिनियर झालेला माणूस, पण शिपाई म्हणून भरती झाला! पुढे ते एअर व्हाइस मार्शल झाले. तिन्ही तुकड्या पुऱ्या होऊन पथक भरायला 1938 साल उजाडले, आणि 1939 मध्ये सुब्रोतो मुखर्जी यांच्या हाती त्याची सूत्रे आली. तोवर पथकाने वझिरिस्तानच्या डोंगराळ मुलखात मिरानशाहचा तळ पाहिला होता.

मग जपानची लढाई आली. 1942 च्या फेब्रुवारीत पथक ब्रह्मदेशात टौंगूला उतरले. जवळ लायसँडर विमाने. खरे तर ती टेहळणीची. पथकप्रमुख करुण कृष्ण मजुमदार यांनी त्यांनाच बॉम्ब लावून सयामातल्या जपानी विमानतळावर हल्ला केला. 1944 मध्ये इंफाळला वेढा पडला, तेव्हा हेच पथक हरिकेन विमाने घेऊन तिथे होते. प्रमुख होते अर्जन सिंग, 1965 च्या युद्धात साऱ्या हवाई दलाचे सेनापती होते तेच.

1947 च्या फाळणीत पेशावर गेले, ड्रिग रोड गेले, आणि या पथकाची सामग्रीही पाकिस्तानच्या वाट्याला गेली. क्रमांक तेवढा आपल्याकडे उरला. घर गेले, दाराची पाटी राहिली, असा प्रकार. सहा वर्षांनी, 1953 मध्ये, 15 क्रमांकाच्या पथकाला 1 हा क्रमांक देण्यात आला आणि जुनी परंपरा त्याच्या खाती जमा झाली. रक्ताचे नाते काही नाही. दत्तक घ्यावे तसे.

हे दत्तक मूल कसे निघाले ते 7 सप्टेंबर 1965 च्या पहाटे दिसले. पंजाबातल्या आदमपूर तळावरून विंग कमांडर तनेजा मिस्टियर विमाने घेऊन पाकिस्तानच्या सरगोधा तळावर गेले. स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या हे कोडगूचे. त्यांचे नाव राखीव म्हणून होते. एक विमान गळाल्यावर त्यांना जायला मिळाले. परतीच्या वाटेवर एका स्टारफायटर विमानाने त्यांना गाठले. ते विमान वेगाने कितीतरी वरचढ. देवय्यांच्या विमानाला मार बसला, तरी ते वळले, लढले आणि त्यांनी ते पाडले. त्याचा वैमानिक हवाई छत्रीने वाचला. देवय्या परत आले नाहीत.

आपल्याकडे कुणाला काही कळले नाही. बेपत्ता, एवढीच नोंद. पुढे युद्धाचा पाकिस्तानच्या बाजूने लिहिलेला इतिहास बाहेर आला, तेव्हा कुठे ही झुंज उलगडली. 1988 मध्ये त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. त्या वेळी 1 क्रमांकाचे पथक ग्वाल्हेरच्या तळावर होते आणि मिराज विमाने उडवीत होते.