विश्लेषण : रबरी पट्ट्यावर लिहिलेले ‘किलो’ खरे किती? घरच्या घरी पूर्ण शरीराचा व्यायाम त्यावर होतो का?

‘पिशवीत मावणारी व्यायामशाळा’ अशा जाहिरातीसह रेझिस्टन्स बँडचे, म्हणजे ताणल्यावर विरोध करणाऱ्या रबरी पट्ट्यांचे आणि नळ्यांचे संच ई-कॉमर्स संकेतस्थळांवर विकले जातात. डंबेलच्या जोडीपेक्षा ते स्वस्त, वजनाने नगण्य आणि कपाटाच्या एका कप्प्यात बसणारे. खोक्यावर मात ‘१५० पौंड’ असा दणदणीत आकडा छापलेला असतो. हा आकडा नेमके काय सांगतो, पट्ट्यांवर खरोखर ताकद वाढते का आणि ते वापरताना कोणती चूक महागात पडू शकते, याविषयी…

ताकदीच्या व्यायामाची गरज काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. भरभर चालणे यात येते. पण याच सूचनांमधील दुसरा भाग अनेकांच्या लक्षात नसतो. आठवड्यातून किमान दोन दिवस शरीरातील सर्व प्रमुख स्नायूगटांना ताकदीचा व्यायाम मिळायला हवा, असे त्यात म्हटले आहे. ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस सुचवले आहेत. तिशीनंतर स्नायूंचे वस्तुमान हळूहळू घटू लागते आणि साठीनंतर हा वेग वाढतो. जिना चढताना रेलिंगचा आधार लागणे, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागणे ही त्याची घरात दिसणारी लक्षणे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातील जवळपास निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल पुरेशी नव्हती आणि महिलांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होते. त्यामुळे व्यायामशाळेची फी, वेळ किंवा संकोच आड येणाऱ्यांसाठी घरातले साधन हा महत्त्वाचा पर्याय ठरतो.

‘१५० पौंड’ हा आकडा कुठून येतो?

अशा संचात साधारणपणे १०, २०, ३०, ४० आणि ५० पौंड असे लिहिलेल्या पाच नळ्या असतात. त्यांची बेरीज १५०, म्हणजे सुमारे ६८ किलो. पाचही नळ्या एकाच मुठीला अडकवून पूर्ण ताणल्या तरच तिथपर्यंत पोहोचता येते, तेही ताणाच्या अगदी शेवटच्या टोकाला. डंबेलवर ‘५ किलो’ लिहिले असेल तर ते उचलताना पहिल्या इंचालाही ५ किलोच असते. पट्ट्याचे तसे नसते. न ताणलेल्या पट्ट्याची ओढ शून्य असते आणि जसजसा तो ताणला जातो तसतशी ती वाढते. त्यामुळे ‘किती ताणल्यावर’ हे सांगितल्याशिवाय ‘किती किलो’ या आकड्याला अर्थ उरत नाही. रंगांचेही तेच. लाल, हिरवा, काळा या क्रमाला सर्व उत्पादकांसाठी एकच मानक नाही. एका कंपनीचा हिरवा पट्टा दुसऱ्या कंपनीच्या काळ्यापेक्षा कडक असू शकतो.

एकच पट्टा हलकाही आणि जडही कसा?

ताणलेल्या वस्तूतील ओढ ताणाच्या प्रमाणात वाढते, हा रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये मांडलेला नियम शाळेच्या विज्ञानात शिकवला जातो. स्टीलच्या स्प्रिंगला तो चांगला लागू पडतो, रबराला मात्र अर्धवटच. रबराची ओढ सुरुवातीला झपाट्याने वाढते, मधल्या टप्प्यात तिचा वेग मंदावतो आणि मर्यादेजवळ पट्टा पुन्हा कडक होतो. फिजिओथेरपीत वापरल्या जाणाऱ्या ‘थेराबँड’च्या तक्त्यानुसार हिरवा पट्टा मूळ लांबीच्या २५ टक्के ताणला तर सुमारे ०.९ किलो, १०० टक्के, म्हणजे दुप्पट लांबीपर्यंत ताणला तर सुमारे २.१ किलो आणि २०० टक्के ताणला तर सुमारे ३ किलो इतकी ओढ मिळते.

इथे महत्त्वाचा शब्द ‘टक्के’ हा आहे. असा दोन मीटर लांबीचा पट्टा पूर्ण लांबीने वापरून हात ५० सेंटिमीटर मागे नेला तर ताण २५ टक्के होतो आणि ओढ जेमतेम ०.९ किलो असते. तोच पट्टा आखूड धरून फक्त ५० सेंटिमीटरचा भाग कामाला लावला आणि हात तेवढाच मागे नेला तर ताण १०० टक्के होतो आणि ओढ २.१ किलोवर जाते. पट्ट्याची चौपदरी घडी करून तेच केले तर चार पदर मिळून सुमारे ८.४ किलो होतात. पट्टा एकच, हाताची हालचाल तेवढीच, पण भार नऊपट. ‘बँडने काही होत नाही’ असे म्हणणारे आणि ‘पहिल्याच दिवशी खांदा दुखावला’ असे म्हणणारे एकच पट्टा वेगवेगळ्या लांबीने धरत असण्याची शक्यता म्हणूनच मोठी असते.

पट्ट्यांवर ताकद खरोखर वाढते का?

स्नायूला भार लोखंडाचा आहे की रबराचा हे कळत नाही, त्याला फक्त ताण कळतो. ‘सेज ओपन मेडिसिन’ या नियतकालिकात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात ८ अभ्यासांची एकत्रित छाननी करण्यात आली होती. हात आणि पाय या दोन्हींच्या बाबतीत लवचीक पट्ट्यांचा व्यायाम आणि वजने किंवा यंत्रांवरचा व्यायाम यांनी मिळणाऱ्या ताकदीत ठळक फरक आढळला नाही.

मात्र या निष्कर्षाला मर्यादा आहे आणि तिचे उदाहरण थेट अंतराळातले आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात वजने निरुपयोगी ठरतात. त्यामुळे तिथे २००० मध्ये ‘आयआरईडी’ हे उपकरण पोहोचवण्यात आले. त्यात रबरासारख्या लवचीक पदार्थाच्या चकत्या पिळल्या जाऊन विरोध निर्माण होई आणि त्याची कमाल क्षमता सुमारे १३६ किलो होती. तरीही अंतराळवीरांच्या हाडांची झीज थांबली नाही. पृथ्वीवर बैठक मारताना स्वतःच्या शरीराचे वजनही पायांवर असते, तिथे तेही नसते. त्यामुळे एवढी ओढ कंबर आणि मांड्यांना अपुरी पडत होती. २००८ मध्ये निर्वात नळकांड्यांवर चालणारे, सुमारे २७२ किलोपर्यंत विरोध देणारे ‘एआरईडी’ तिथे नेण्यात आले. ते वापरणाऱ्या आणि आहार नीट सांभाळणाऱ्या अंतराळवीरांच्या हाडांची घनता अधिक चांगली टिकल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसले. म्हणजेच रबर चालते, पण भार पुरेसा असेल तरच. घरातल्या व्यायामात खांदे, पाठ, दंड यांना पट्टे सहज पुरतात. पायांची ताकद वाढत गेली की तिथे त्यांची मर्यादा सर्वात आधी जाणवते.

जोर-बैठका असताना पट्टा कशाला?

आपल्याकडच्या तालमीतील जोर आणि बैठका हा साधनाविना होणारा उत्तम व्यायाम आहे. जोरात छाती, खांदे आणि दंडाची मागची बाजू काम करते, बैठकांत मांड्या आणि नितंब. पण या दोन्हींत एक हालचाल नसते, ती म्हणजे ओढण्याची. पाठीचा वरचा भाग आणि दंडाची पुढची बाजू यांना व्यायाम देण्यासाठी आखाड्यात दोर चढणे किंवा मल्लखांब असतो. दोन खोल्यांच्या घरात ती सोय नसते. दिवसभर लॅपटॉप आणि मोबाइलवर वाकून बसणाऱ्यांना तर याच स्नायूंच्या व्यायामाची सर्वाधिक गरज असते. पट्ट्याचा खरा उपयोग ही पोकळी भरून काढण्यात आहे.

पूर्ण शरीरासाठी सहा हालचाली पुरतात. पट्ट्यावर उभे राहून त्याची टोके खांद्याशी धरून बैठक, पट्टा पायाखाली ठेवून कमरेतून वाकून पाठ सरळ ठेवत उठणे, पट्टा पाठीवरून घेऊन टोके तळहातांखाली दाबून जोर, जमिनीवर पाय पसरून बसून तळव्यांना अडकवलेला पट्टा पोटाकडे ओढणे, पायाखालचा पट्टा डोक्यावर ढकलणे आणि बाजूला बांधलेला पट्टा छातीसमोर दोन्ही हातांनी धरून शरीर वळू न देणे. शेवटच्या प्रकारात पोट आणि कंबरेच्या स्नायूंचा कस लागतो. प्रत्येक हालचालीची ८ ते १५ आवर्तने, असे दोन ते तीन सेट, आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस विश्रांती, ही सुरुवात पुरेशी आहे. शेवटची दोन-तीन आवर्तने जड जायला हवीत. हसत-बोलत वीस आवर्तने होत असतील तर भार कमी आहे. पट्टा परत सोडताना तो झटक्यात आकसू न देता दोन-तीन सेकंद घेऊन सोडावा, कारण सावकाश सोडतानाही स्नायू काम करत असतो. जोर लावताना श्वास रोखू नये, त्याने रक्तदाब अचानक वाढतो. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

प्रगती मोजायची कशी?

वजनांच्या बाबतीत हे सोपे असते. मागच्या महिन्यात ५ किलो, या महिन्यात साडेसात. पट्ट्यांवर व्यायाम करणारे बहुतेक जण इथेच अडतात आणि महिनोन्‌महिने एकाच भारावर राहतात. त्यावर घरगुती उपाय आहे. पायाखालच्या फरशीचा मोजपट्टीसारखा वापर करता येतो. पट्टा खिडकीच्या भक्कम गजाला किंवा दाराला बांधून ओढताना कोणत्या फरशीच्या रेषेवर उभे राहिलो, याची नोंद वहीत ठेवावी. १५ आवर्तने नीट जमू लागली की अर्धी फरशी मागे सरकावे. पायाखाली धरायच्या व्यायामात पट्ट्यावर पेनाने खुणा करून पकड कुठे होती ते लिहावे. नेमका आकडा हवा असेल तर प्रवासाच्या बॅगा तोलण्याचा डिजिटल हूक-काटा कामी येतो. पट्ट्याचे एक टोक पक्के बांधून दुसऱ्या टोकाला काटा अडकवावा आणि व्यायामात जेवढे ताणतो तेवढे ताणून आकडा वाचावा. खोक्यावरच्या पौंडांपेक्षा हा आकडा कितीतरी खरा असतो.

धोका नेमका कुठे आहे?

अमेरिकी सिनेटमधील डेमोक्रॅटिक पक्षाचे तत्कालीन नेते हॅरी रीड १ जानेवारी २०१५ रोजी नेवाडातील आपल्या घरी पट्ट्यावर व्यायाम करत होते. पट्टा स्नानगृहातील शॉवरच्या दाराच्या मुठीत अडकवलेला होता. तो हातातून सुटला, ७५ वर्षांचे रीड फेकले जाऊन कपाटावर आदळले. चेहऱ्याची आणि बरगड्यांची हाडे मोडली आणि उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. त्यांनी उत्पादकावर दावा लावला, पण २०१९ मध्ये ज्युरीने तो फेटाळला. करोनाकाळातील टाळेबंदीत घरी व्यायाम करणाऱ्यांची संख्या वाढली तेव्हा मायामीतील नेत्रतज्ज्ञांनीही पट्ट्याचा फटका बसून डोळ्याला इजा झालेल्या रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली होती.

डंबेल हातातून सुटला तर तो खाली पडतो. पट्टा सुटला तर साठलेली सर्व ऊर्जा घेऊन तो ओढणाऱ्याच्या दिशेने येतो. म्हणून पट्टा थेट चेहऱ्याच्या रेषेत ओढू नये. दाराला अडकवायचा असेल तर दार आपल्यापासून दूर उघडते अशाच बाजूला उभे राहावे, म्हणजे ओढल्यावर ते अधिक घट्ट बंद होते. दाराची कडी लावावी आणि पट्टा बिजागरीच्या बाजूला अडकवावा. दाराची मूठ, सरकते काचेचे दार आणि स्नानगृहाचे पीव्हीसीचे दार यांना पट्टा बांधू नये. पायाखाली धरताना तो चवड्याखाली नव्हे, तर तळव्याच्या मध्यभागी असावा आणि पायात बूट असावेत. लहान मुले जवळ असताना पट्टे ताणू नयेत.

खरेदी आणि निगा कशी?

ज्या उत्पादनावर ‘किती टक्के ताणल्यावर किती ओढ’ असा तक्ता दिलेला असेल त्याला प्राधान्य द्यावे. अनेक पातळ थर एकमेकांवर चिकटवून केलेला पट्टा तुटण्यापूर्वी बहुधा कडेला सोलवटू लागतो, तशी सूचना पोकळ नळी क्वचितच देते. तिला बारीकशी चीर पडली तरी ती एकदम तुटू शकते. आतून दोरी ओवलेल्या किंवा कापडी आवरण असलेल्या नळ्या त्या तुलनेने सुरक्षित असतात. रबराच्या चिकाची ॲलर्जी असणाऱ्यांनी ‘लेटेक्स-विरहित’ पट्टे घ्यावेत. ऊन, उष्णता आणि घाम यांनी रबर लवकर खराब होते, त्यामुळे पट्टे बाल्कनीत, खिडकीत किंवा गाडीत ठेवू नयेत. व्यायामानंतर पुसून, सावलीत वाळवून, टाल्कम पावडर लावून ठेवल्यास ते चिकटत नाहीत. उत्पादकाने ताणाची मर्यादा दिली नसेल तर मूळ लांबीच्या अडीच पटीपुढे न जाणे बरे. आणि प्रत्येक व्यायामाआधी अर्धे मिनिट काढून पट्टा उजेडात धरून, हलका ताणून बोटांनी चाचपावा. पांढरट रेघ, चीर किंवा चिकटपणा दिसला तर तो पट्टा त्याच दिवशी टाकून द्यावा. नवा पट्टा काहीशे रुपयांत मिळतो.