बाई चांगली आहे हो, पण निवडून येईल का?

मुलीचं स्थळ सांगून आलं की कितीतरी घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं. “आमचं काही म्हणणं नाही हो. मुलगी सावळी असली म्हणून काय झालं? पण आमच्याकडची मोठी माणसं जरा जुन्या वळणाची...” बोलणाराची स्वतःची हरकत कधीच नसते. हरकत असते ती पलीकडच्या खोलीतल्या कुणाची तरी!

मैत्रिणींनो, आज हे वाक्य आठवायचं कारण मात्र फार दूरचं आहे. तिकडे अमेरिकेत, अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवताना एका पक्षाचे, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाचे, मतदार गेली पन्नास वर्षं हेच वाक्य घोळवत आले आहेत. ‘मला ती पसंत आहे, पण शेजारचे तिला मत देतील का?’ या एका ‘पण’पायी किती गुणी माणसं उंबऱ्यावरूनच माघारी फिरली, ते पाहण्यासारखं आहे.

आधी तिथली रीत समजून घेऊ. आपल्याकडे तिकीट कुणाला द्यायचं ते पक्षश्रेष्ठी ठरवतात. अमेरिकेत तसं नाही. तिथं पक्षाच्या उमेदवारीसाठी आधी आपसातच निवडणूक होते, राज्या-राज्यांतून. तिला प्रायमरी म्हणतात. काही राज्यांत मतपेटीऐवजी सभा भरवून कौल घेतात. या निवडणुकांतून प्रतिनिधी निवडले जातात आणि ते पक्षाच्या अधिवेशनात जाऊन उमेदवार पक्का करतात. ही रीतही काही फार जुनी नाही बरं का! १९६८ साली ह्यूबर्ट हम्फ्री यांना एकही प्रायमरी न लढवता उमेदवारी मिळाली होती. त्यावरून इतका गदारोळ झाला की पक्षाला नियम बदलावे लागले आणि १९७२ पासून सामान्य मतदाराच्या हाती खरी सत्ता आली.

नेमक्या त्याच वर्षी एक बाई उभ्या राहिल्या. शर्ली चिझम.

शर्लीबाई जन्मल्या १९२४ साली, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात. आई शिवणकाम करायची, वडील कारखान्यात मजुरी. दोघंही वेस्ट इंडीजकडून पोटासाठी आलेली. मुलं सांभाळून कमावणं जमेना, म्हणून लहानग्या शर्लीला बार्बाडोसला आजीकडे धाडलं. काही वर्षं ती तिथं आजीच्या शेतावर वाढली. पुढे शिकून त्या बालवाडीच्या शिक्षिका झाल्या, पाळणाघर चालवू लागल्या. राजकारणात आल्या त्या या वाटेनं. १९६८ साली काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, निवडणुकीला उभ्या राहिल्या, तेव्हा समोर होते जेम्स फार्मर. नागरी हक्कांच्या चळवळीतले मोठे पुढारी, स्वतः कृष्णवर्णीय. त्यांच्या प्रचाराचा सूर होता की या भागाला कणखर पुरुषाचा आवाज हवा. शर्लीबाईंनी मतदारयाद्या पाहिल्या. त्यात पुरुषांपेक्षा बायकाच जास्त! मग काय, घरोघर जिने चढल्या. स्पॅनिश उत्तम येत होतं, त्यामुळे पोर्टोरिकन वस्तीतल्या बायकांशी त्यांच्याच भाषेत बोलल्या आणि दणकून निवडून आल्या. अमेरिकन काँग्रेसमध्ये पोहोचलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री!

अशा बाईंनी २५ जानेवारी १९७२ रोजी ब्रुकलिनमधल्या एका चर्चमध्ये जाहीर केलं की आपण अध्यक्षपदासाठी उभ्या राहणार. मी कृष्णवर्णीय आहे याचा मला अभिमान आहे, स्त्री आहे याचाही आहे, पण मी केवळ त्यांची उमेदवार नाही, साऱ्या लोकांची आहे, असा त्या भाषणाचा मथितार्थ होता.

आता तुम्हाला वाटेल, कृष्णवर्णीय पुढाऱ्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं असेल आणि स्त्री-संघटना तर मागे धावल्या असतील. तसं मुळीच झालं नाही. बरेचसे पुढारी घुश्शात होते. आधी आम्हाला विचारलं का नाही? आणि पहिला कृष्णवर्णीय उमेदवार व्हायचाच तर तो पुरुष नको का? इकडे स्त्री-चळवळीतल्या गोऱ्या बायका तोंडभर कौतुक करायच्या, पण कित्येकींचं मत शेवटी जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या पारड्यात. का? तर शर्लीबाई निवडून येणार नाहीत, मत फुकट जाईल. टीव्हीवरच्या चर्चेला त्यांना बोलवीनात, तर त्यासाठी सरकारी आयोगाकडे दाद मागावी लागली. पैसा नव्हता. राबायला होती ती कॉलेजची मुलं-मुली आणि वस्तीतल्या बायका. त्यांतलीच एक, दोन मुलांची एकटी आई असलेली विद्यार्थिनी बार्बरा ली. तोवर तिनं मतदारयादीत नावसुद्धा घातलं नव्हतं. पुढे ती स्वतः पंचवीसहून अधिक वर्षं काँग्रेसची सभासद होती आणि २०२५ साली ओकलंडची महापौर झाली.

जुलैत मायामी बीचला अधिवेशन भरलं, तेव्हा शर्लीबाईंना १५२ प्रतिनिधींची मतं पडली. कुणी म्हणेल, एवढीशीच! पण गंमत पुढेच आहे. त्या वर्षी ‘हमखास निवडून येणारा’ म्हणून ज्यांचा बोलबाला होता ते सिनेटर मस्की वसंत ऋतू संपायच्या आत मागे पडले. आणि ज्यांना शेवटी उमेदवारी मिळाली त्या मॅकगव्हर्नना नोव्हेंबरात पन्नासांपैकी एकोणपन्नास राज्यांनी नाकारलं. ज्या गणितासाठी शर्लीबाईंना बाजूला सारलं, ते गणितच चुकीचं निघालं.

एक आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याच प्रायमरीत अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेसही उभे होते. काळ्या-गोऱ्यांची शाळा एक नको म्हणून दारात उभे राहणारे हेच ते गृहस्थ. मे महिन्यात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. शर्लीबाई त्यांना भेटायला इस्पितळात गेल्या! त्यांचे स्वतःचे पाठीराखे चिडले. पण पुढे १९७४ साली घरकाम करणाऱ्या बायकांना किमान वेतनाच्या कायद्यात आणायची वेळ आली, तेव्हा दक्षिणेकडच्या सभासदांची मतं मिळवायला याच वॉलेसनी मदत केली, असं शर्लीबाई सांगत. आपल्याकडे धुणंभांडी करणाऱ्या बाईच्या पगाराचा प्रश्न आजही किती अडलेला आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको.

शर्लीबाईंनंतर १९८४ आणि १९८८ साली रेव्हरंड जेसी जॅक्सन उभे राहिले. पहिल्या खेपेला तीस लाखांवर मतं, दुसऱ्या खेपेला सत्तर लाखांच्या घरात. १९८८ मध्ये मिशिगन राज्य त्यांनी जिंकलं, तशी पक्षातल्या बड्या मंडळींची झोप उडाली. वर्तमानपत्रं विचारू लागली, जेसीला हवंय तरी काय? अध्यक्षपदाला उभ्या राहिलेल्या माणसाला हा प्रश्न विचारतात, म्हणजे पाहा! उमेदवारी त्यांना मिळाली नाहीच. पण त्यांनी भांडून एक नियम पदरात पाडून घेतला. ज्याला जितकी मतं, त्याला त्या प्रमाणात प्रतिनिधी. पंधरा टक्क्यांची अट तेवढी ठेवली. हा नियम पुढे फार कामी आला.

मिशिगनवरून आठवलं. त्याच राज्यातलं डेट्रॉइट हे कृष्णवर्णीयांच्या मोठ्या वस्तीचं शहर, आणि तिथून २०२२ साली काँग्रेसवर निवडून गेले ते आपल्या बेळगावचे श्री ठाणेदार. हो, ‘ही श्रीची इच्छा’ लिहिणारे तेच. तिथल्या कृष्णवर्णीय पुढाऱ्यांनी एकाच्या पाठीशी उभं राहायचं ठरवून पाहिलं, पण प्रायमरीत नऊ उमेदवार राहिले आणि मतं फुटली. १९५५ पासून पहिल्यांदाच डेट्रॉइटला कृष्णवर्णीय खासदार उरला नाही, याची तिथं हळहळ झाली. आपल्या माणसाचं कौतुक करताना ही दुसरी बाजूही ध्यानात असू द्यावी.

आता २००८. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातलं सर्वांत अवघड वर्ष, कारण एकीकडे बाई आणि दुसरीकडे कृष्णवर्णीय पुरुष. हिलरी क्लिंटन आणि बराक ओबामा. दक्षिण कॅरोलायना राज्यात प्रायमरीला जाणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मतदार कृष्णवर्णीय असतात. २००७ मध्ये त्यांतले कितीतरी जण, विशेषतः वयस्क बायका, हिलरींकडे कललेल्या होत्या. ओबामा आवडत नव्हते असं नव्हे. गोरे लोक त्याला मत देणार नाहीत, मग उगाच कशाला जीव टांगणीला लावायचा, असा त्यांचा हिशेब. १९८२ साली कॅलिफोर्नियात टॉम ब्रॅडली पाहण्यांत पुढे असूनही गव्हर्नरपदाची निवडणूक हरले होते, ते लोक विसरले नव्हते. तोंडावर ‘हो’ म्हणायचं आणि पडद्याआड ‘नाही’, ही भीती.

मग ३ जानेवारी २००८ ला आयोवा राज्याचा कौल लागला. आयोवा म्हणजे तेव्हा नव्वद टक्क्यांहून अधिक गोऱ्यांचं, मक्याच्या शेतांचं राज्य. तिथं ओबामा पहिले आले आणि हिलरी तिसऱ्या. झालं! पलीकडच्या खोलीतल्या ज्या मोठ्या माणसांची हरकत गृहीत धरली होती, त्यांनीच बाहेर येऊन ‘पसंत’ म्हणून सांगितलं. तीन आठवड्यांनी दक्षिण कॅरोलायनात ओबामांना ५५ टक्के मतं मिळाली, हिलरींना २७.

वसंतात मात्र लढत कडवट झाली. कष्टकरी गोरे मतदार माझ्यामागे आहेत, तेव्हा जिंकू शकेन ती मीच, असं हिलरीबाई सांगू लागल्या. ज्या बाईला आयुष्यभर ‘बाई निवडून येत नाही’ हे ऐकावं लागलं, तिनंच दुसऱ्याच्या रंगावर बोट ठेवून ते माप लावावं, हे मला आजही खटकतं. उलट बाजूनंही काही कमी झालं नाही. हिलरींच्या कपड्यांवर, हसण्यावर, आवाजावर जे बोललं गेलं, ते ओबामांच्या सभांतल्या किती जणांना खटकलं? कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, ओहायो, पेनसिल्व्हेनिया अशी मोठमोठी राज्यं हिलरींनी जिंकली. पण जॅक्सननी मिळवलेल्या त्या नियमानं तिथलेही प्रतिनिधी वाटले गेले आणि जूनमध्ये ओबामा पुढे राहिले.

एवढं झाल्यावर तरी ‘पण’ संपायला हवा होता. पण २०१९ मध्ये पाहा काय झालं. जानेवारीत कमला हॅरिस उभ्या राहिल्या. आई श्यामला गोपालन मद्रासकडच्या, वडील जमैकाचे. प्रचाराच्या फलकांचे लाल-पिवळे रंग त्यांनी मुद्दाम शर्लीबाईंच्या आठवणीचे निवडले होते. शिवाय कोरी बुकर होते, एलिझाबेथ वॉरन होत्या. त्या उन्हाळ्यात एका पाहणीत लोकांना दोन प्रश्न विचारले. मत कुणाला देणार? सर्वांत जास्त जणांचं उत्तर, जो बायडेन. आणि जादूची कांडी फिरवून, निवडणूक न होताच एकाला अध्यक्ष करायचं झालं तर? तिथं मात्र वॉरनबाई पुढे! मन एकीकडे आणि मत दुसरीकडे.

कमला हॅरिसनी ३ डिसेंबर २०१९ ला माघार घेतली. पैसा आटला हे खरं. सरकारी वकील म्हणून केलेल्या कामाबद्दलही पुष्कळ आक्षेप होते. सगळं रंगावर ढकलणं बरोबर नाही. पण नव्या वर्षात बुकरही गेले आणि वीसहून अधिक जणांनी सुरू झालेली शर्यत शेवटी दोन वयोवृद्ध गोऱ्या पुरुषांपाशी येऊन थांबली. बायडेन पहिल्या दोन राज्यांत चौथे आणि पाचवे आले होते. त्यांना तारलं ते २९ फेब्रुवारी २०२० रोजी दक्षिण कॅरोलायनानं, म्हणजे पुन्हा त्याच कृष्णवर्णीय मतदारांनी.

ते आपल्या रंगाच्या उमेदवाराला का टाळतात, असं इथं बसून विचारणं सोपं आहे. पण ज्यांच्या आजोबांना मत द्यायला गेल्याबद्दल मार खावा लागला, ज्यांना मतदानाचा हक्क नावापुरताच नव्हे तर खरोखर मिळाला तो १९६५ च्या कायद्यानं, त्यांना निवडणूक हरणं म्हणजे काय ते पक्कं ठाऊक असतं. शेजारच्या गोऱ्यांना ते पिढ्यान्‌पिढ्या ओळखून आहेत. हौस भागवायला त्यांच्याकडे मत शिल्लक नसतं. घर चालवणाऱ्या बाईनं साडी बाजूला ठेवून आधी किराणा भरावा, तसंच हे.

२०२४ साली मात्र अजबच घडलं. २१ जुलैला बायडेननी माघार घेतली आणि कमला हॅरिस प्रायमरी न लढवताच उमेदवार झाल्या. नोव्हेंबरात त्या सुमारे दीड टक्का मतांनी मागे राहिल्या. लगेच ‘आम्ही म्हणत नव्हतो?’ सुरू झालं. महागाई, साडेतीन महिन्यांचा अपुरा प्रचार, बायडेन सरकारवरचा राग, हे सारं राहिलं बाजूला. २००४ साली ‘हाच जिंकेल’ म्हणून निवडलेले जॉन केरीही हरलेच होते की! त्यावरून गोरा पुरुष निवडून येत नाही, असा निष्कर्ष मात्र कुणी काढला नाही.

पुढच्या खेपेला तिकडच्या प्रायमरीच्या बातम्या वाचाल, तेव्हा पाहणीत प्रश्न कोणता विचारलाय ते आधी बघा. ‘तुम्हाला कोण हवा’ हा एक आणि ‘कोण जिंकेल’ हा दुसरा. दोन्हींची उत्तरं वेगळी आली, तर मधल्या फरकात कुणाचं नाव अडकलंय, तेही पाहून ठेवा.